पोळा ते दिवाळी नाक गळणाऱ्यांसाठी

नमस्कार मंडळी. तान्हा पोळा झाला, मारबत (रोगराई घालवायला आमच्या नागपुरात मिरवत नेतात तो पुतळा) निघाली, आपण सगळ्यांनी गळा ताणून "खोकला घेऊन जा गे मारबत" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत सुरू. आक्छी. एक नाही दोन नाही, सलग अकरा, बायको मोजते, तिला तो छंदच लागलाय. डोळे खाजतात, टाळू आतून खाजते (तिथे बोट पण पोचत नाही बाप्पा), नाक गळून राहिलं आणि थर्मामीटर लावला तर ताप काहीच नाही.

याला 'हे फीव्हर' (इंग्रजीत hay fever) म्हणतात. फीव्हर नसतो तरी फीव्हर. लंडनच्या जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरनं १८१९ साली हे दुखणं नीट लिहून काढलं, आणि पेशंट कोण तर तो स्वतःच. असतं काय तर हवेतले परागकण नाकात जातात, शरीराला वाटतं शत्रू आला, मग ते हिस्टामिन नावाचं रसायन सोडतं आणि पुढचा सगळा तमाशा त्या हिस्टामिनचा. ॲलर्जीची गोळी हिस्टामिनलाच अडवते. आता मी गोळीच्या विरोधात नाही हो, डॉक्टरनं दिली तर घ्या, पण मला गोळी घेतली की झोप येते म्हणजे कशी, एकदा ऑफिसमध्ये जेवणानंतर उघड्या रजिस्टरवर डोकं ठेवून झोपलो आणि जागा झालो तेव्हा साहेब समोर उभे. त्या दिवसापासून म्हटलं, गोळीशिवाय किती जमतं ते तर बघू.

सुरुवात भिंतीवरच्या कॅलेंडरपासून केली. ज्या दिवशी शिंका जास्त त्या तारखेवर लाल गोल, आणि बाजूला लिहायचं कुठे गेलो होतो. दोन वर्षांत चित्र साफ दिसलं. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत लालच लाल, मग थंडीत आराम, आणि मग उन्हाळ्यात ज्या दिवशी कूलर लावला त्या दिवशी परत गोल. म्हणजे माझे चोर दोन. कूलरचा चोर सोपा होता, मागच्या वर्षीचं गवत तसंच ठेवून चालू करायचो, त्यात धूळ आणि बुरशी, आणि पंखा ते सगळं तोंडावर मारायचा. आता गवत दरवर्षी नवीन, टाकी घासून वाळवून, आणि पहिला अर्धा तास कूलर चालू ठेवून मी गच्चीवर.

पावसाळ्याचा चोर शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर उभा होता, कमरेएवढा. गाजर गवत, काँग्रेस गवत म्हणा, ती बारीक पांढरी फुलं. हे आपलं नाहीच, मूळ अमेरिका खंडातलं, आणि भारतात १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलं. एकेक झाड हजारोंनी बिया टाकतं. नागपुरात लेआउट पडतो, प्लॉट विकले जातात, घर काही दहा वर्षं बांधत नाहीत, आणि तोवर तिथे यांचंच राज्य. उपटायचं तर फूल यायच्या आधी, ओल्या मातीत, मुळासकट, आणि हातमोजे, पूर्ण बाह्या, तोंडावर मास्क घालूनच, कारण उघड्या हातानं उपटलं तर अंगाला जी खाज सुटते तिच्यापुढे शिंका बऱ्या. आणि ज्याचं नाक आधीच माझ्यासारखं आहे त्यानं लांबूनच सूचना द्याव्या, मी तेच करतो.

आता मुख्य गोष्ट, नाक धुणं. योगवाले जलनेती म्हणतात. पाणी नळाचं कच्चं कधीच घ्यायचं नाही, यावर मी अडून आहे, कारण कच्च्या पाण्यात एक अमीबा असू शकतो, पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातून मेंदूत पोचला तर माणूस सहसा वाचत नाही. चांगलं पाच मिनिटं उकळायचं आणि कोमट होऊ द्यायचं. एक कप म्हणजे साधारण २४० मिली पाण्याला चहाचा सपाट अर्धा चमचा मीठ, आयोडीन नसलेलं मिळालं तर उत्तम, आणि चिमूटभर खायचा सोडा. मेडिकलमध्ये तयार पुड्या पण मिळतात. बेसिनवर वाकायचं, मान एका बाजूला, तोंड उघडं ठेवून तोंडानंच श्वास घ्यायचा, आणि तोटीच्या भांड्यानं वरच्या नाकपुडीत धार सोडायची. पहिल्या दिवशी मी मीठ विसरलो, काय झोंबलं म्हणून सांगू, डोळ्यातून पाणी, बायको हसून राहिली. मीठ बरोबर पडलं की खालच्या नाकपुडीतून पाणी शांत वाहून जातं आणि सोबत दिवसभराची धूळ पण. नंतर नाक हळूच शिंकरा, जोर लावला तर कानात दडा बसतो. कान दुखत असेल किंवा नाकाचं ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय करू नका. भांडं धुवून कोरडं ठेवा.

बाकी बारीकसारीक. बाहेरून आलं की कपडे बदला, रात्री डोकं धुवून झोपा, नाहीतर केसातले परागकण रातभर उशीवर. त्या दोन महिन्यात चादरी बाहेर दोरीवर नाही, घरातच वाळवा. गाडीवर मास्क आणि चष्मा. सकाळी फुटाळा तलावावर फिरायचा मोह होतो, पण कोरड्या वाऱ्याच्या दिवशी टाळतो आणि पावसाची सर येऊन गेली की जातो, तेव्हा हवा धुतलेली असते.

मध खाल्ल्यानं हे जातं असं लोक सांगतात, मी सहा महिने खाल्ला, मध छान होता. नाक मोकळं करणारे थेंब मात्र तीन-चार दिवसांच्या वर टाकू नका, नंतर थेंबाशिवाय नाक उघडतच नाही.

आणि छातीत शिट्टी वाजत असेल, दम लागत असेल, तर माझं सगळं बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टर. दम्याचा पंप चालू असेल तर तो माझ्या बोलण्यावरून बंद करू नका.

यंदाच्या कॅलेंडरवर मारबतीपासून आजपर्यंत चार लाल गोल आहेत. मागच्या वर्षी याच दिवसांत सतरा होते. प्लॉटवाल्याचा फोन अजून लागत नाही.