बुडणारा हात हलवत नाही

[दृश्य: पहाट. मांडवी नदी, जुने गोवे ते दिवाडी फेरीबोट. इंजिनाचा आवाज कमी करू नये.]

फेरीबोट धक्क्याला टेकते आणि लोखंडी फळी खडखडत खाली येते. आधी चालणारी माणसं, मागोमाग स्कूटर, शेवटी गाड्या. फळीपाशी उभा असलेला खलाशी तोंडातून अवाक्षर काढत नाही. काढलं तरी या इंजिनापुढे ऐकणार कोण? बोलतो तो त्याचा उजवा हात, आणि तोही कमरेच्या फारसा वर जात नाही. चार बोटं आत वळतात, म्हणजे ये. अजून ये. तळहात जरा कलतो, तसं चाक डावीकडे फिरतं. मूठ मिटते, ब्रेक लागतो. पुढची गाडी आणि आपला बंपर यांच्यात वीतभर जागा. घरच्या अंगणात गाडी मागे घेताना बायकोचं एक न ऐकणारे गृहस्थ इथे परक्या माणसाच्या चार बोटांवर डोळे लावून बसलेले असतात.

देहबोलीवरच्या आमच्या फिल्मसाठी तीन सकाळी आम्ही त्या हाताचं चित्रण केलं. तिसऱ्या दिवशी खलाशाला विचारलं, या खुणा कोणी शिकवल्या? तो चक्रावला.

"खंयच्यो खुणो?"

त्याचं खरंच होतं. त्याच्या लेखी तो गाड्या चढवत होता, खुणाबिणा करत नव्हता. आपलंही तसंच चालतं. दिवसभर हात, मान, भुवया, पाय काही ना काही सांगत असतात आणि धन्याला पत्ता नसतो.

[दृश्य: म्हापसा, शुक्रवारचा बाजार. मासळीची ओळ.]

माझी आई बांगड्याचा कल्ला उचलून बघते. आत लालभडक असला तरी तोंड वाकडं करते. ते वाकडं तोंड मासळीसाठी नाही, भावासाठी आहे, हे समोर बसलेल्या बाईला तीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक असतं. ती दर सांगते. आई दोन पावलं पुढे सरकते. बाई बोलवत नाही. आई तिसरं पाऊल टाकते, तेव्हा मागून हाक येते, "व्हर गो बाये, व्हर!" घेऊन जा गं बाई.

तिसऱ्याच पावलाला का? मी त्या बाईला नंतर विचारलं. ती म्हणाली, चेहऱ्याचं काय, चेहरा सगळ्याच करतात. मी पिशवीकडे बघते. जिला घ्यायचंच नाही, तिच्या पिशवीचे दोन्ही बंद एकत्र घट्ट धरलेले असतात. तुझ्या आईच्या पिशवीचं तोंड मघापासून उघडं होतं.

आईला हे सांगितलं. पुढच्या शुक्रवारी ती पिशवी मिटून गेली, आणि बांगडे महाग घेऊन आली. सगळं लक्ष पिशवीवर राहिलं, घासाघीस करायचंच विसरली.

इतकं बघितल्यावर कोणीतरी तो आकडा सांगतोच. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्या-शरीराचा ५५. व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात हा तक्ता फळ्यावर आला नाही असं सहसा होत नाही. आकडा आला आहे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या दोन प्रयोगांतून, आणि ते प्रयोग अगदी छोट्या प्रश्नापुरते होते. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले. दुसऱ्यात 'कदाचित' या अर्थाचा एकच शब्द आणि जोडीला चेहऱ्यांची छायाचित्रं. शब्द एक सांगतोय आणि सूर किंवा चेहरा दुसरंच, अशा वेळी समोरच्याला आपण आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो, एवढंच शोधायचं होतं. मेहराबियन यांनीही पुढे बजावलं की भावना आणि आवडनिवड यांच्याबाहेर हे सूत्र वापरू नका. फळ्यावरचा तक्ता काही पुसला गेला नाही. ९३ टक्के संवाद शब्दांवाचून होत असता, तर म्हापशात कोणाला दर विचारावाच लागला नसता.

[दृश्य: पणजी बसस्टँड. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल.]

हा पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाड्याने माणसं नेणारा. कानाला फोन, पलीकडे गिऱ्हाईक, त्याला वाट सांगणं चालू आहे. "इगर्जेकडेन उजव्यान घे," म्हणजे चर्चपाशी उजवीकडे वळ, असं म्हणताना हात उजवीकडे जातो, मग चढ दाखवायला वर जातो. पलीकडच्याला यातलं काही दिसत नाही. मग हात कोणासाठी?

१९९८ साली याना आयव्हर्सन आणि सुझन गोल्डिन-मेडो या दोन संशोधकांनी जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांचं बोलणं तपासलं. या मुलांनी दुसऱ्याचे हातवारे कधी पाहिलेले नव्हते. तरी बोलताना त्यांचे हात हलत होते. समोरचा ऐकणाराही अंध आहे हे माहीत असताना हलत होते. म्हणजे हातवारे समोरच्यासाठी असतात तितकेच ते बोलणाऱ्याच्या स्वतःच्या विचाराला टेकू म्हणूनही असावेत. पायलटला हात खिशात घालून वाट सांगायला लावली. इगर्जेपर्यंत नीट आला, मग अडखळला, मग हसला.

मान हलवण्याची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. या खांद्याकडून त्या खांद्याकडे झुलणारी आपली मान बघून परदेशी पाहुणा गांगरतो. हो, की नाही? आपल्यालाही नेमकं सांगता येत नाही. हो, ऐकतोय, बघू या, तुम्ही म्हणता म्हणून, यातलं काहीही असू शकतं. आवाज, वेळ आणि नातं बघून आपण उलगडा करतो.

देवाकडे जाताना मात्र आपण ही संदिग्धता चालवून घेत नाही. आपल्या देवळांतून कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघत बसायचं. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजव्या कौलावर लग्नं ठरली आहेत, घरांचे पाये खणले गेले आहेत. तिथे प्रश्न ठरलेला, बाजू ठरलेली, अर्थही आधीच ठरलेला. माणसांच्या बाबतीत ही सोय नाही. तरी आपण माणसांनाही कौलासारखंच वाचतो. हाताची घडी घातली, डावी पाकळी. बिचाऱ्याला एसीची थंडी वाजत असेल हे डोक्यात येत नाही.

[दृश्य: पेडणे तालुका. दहीकाल्याची रात्र. आधी रंगपट, मग मांडव.]

दशावताराला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं, संवाद ऐनवेळी तोंडात येतील तसे. मग सगळे एकमेकांना सांभाळतात कसे? पेटीवाल्याकडे बघा. त्याची बोटं पट्ट्यांवर आहेत, पण डोळे राजाच्या कमरेवर. राजाने तलवारीची मूठ चाचपली. झांज उचलली गेली. प्रेक्षकांना वाटतं राजा रागावला. पेटीवाल्याला कळतं, याचं बोलणं संपत आलं, युद्ध घ्या.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत. आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. नुसत्या नजरेचे ३६ प्रकार मोजले आहेत. पण मला त्यातलं सात्त्विक प्रकरण फार आवडतं. घाम, रोमांच, कंप, चेहऱ्याचा रंग उडणं. हुकमी आणायला सगळ्यांत अवघड गोष्टी नेमक्या याच. रंगपटात आरशासमोर बसलेल्या एका जुन्या नटाला याबद्दल विचारलं. भुवई रेखता रेखता तो म्हणाला, "रडू आणता येतं हो. कान लाल करता येत नाहीत."

[दृश्य: पणजी–मडगाव बस. नंतर एका जुन्या घराचा बाल्कांव.]

दोन माणसांमधल्या अंतरालाही अर्थ असतो, हे एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये मोजमापासह मांडलं. अमेरिकेत त्याने केलेल्या निरीक्षणांनुसार साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत फक्त अगदी जवळची माणसं. संध्याकाळच्या बसमध्ये ४५ सेंटिमीटरांत तिघे उभे असतात. म्हणून सगळे खिडकीबाहेर बघतात. अंतर शरीराने राखता येत नाही, ते नजरेने राखायचं.

आणि हा बाल्कांव. पायऱ्यांच्या दोन्ही अंगांना समोरासमोर बांधलेल्या बैठका. घरमालक इथे येऊन बसला की रस्त्यावरच्याला कळतं, आता याला गप्पा चालतील. तोच माणूस आत सोप्यावर वर्तमानपत्र घेऊन बसला असेल, तर काम असल्याशिवाय हाक मारायची नाही. हे कोणी कोणाला शिकवत नाही.

[दृश्य: काही नाही. काळा पडदा, फक्त आवाज.]

आता माझ्या हातून झालेली एक चूक. ती दाखवायला चित्र नाही, तेच बरं.

या फिल्मसाठी सत्तरी तालुक्यातला एक मुलगा सामान उचलायला आमच्याबरोबर होता. एकदा मेमरी कार्ड सापडेना. दोन दिवसांचं काम त्यात. मी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, तू बॅग उघडली होतीस का? त्याने खाली बघितलं. पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला. मी पुन्हा विचारलं, आवाज चढवून. मान आणखी खाली. माझी खात्रीच झाली. देहबोलीवर फिल्म करणारा माणूस मी, मला कोण सांगणार?

कार्ड रात्री माझ्याच चष्म्याच्या डबीत मिळालं.

'मोठ्यांशी डोळे वर करून बोलू नकोस', हे वाक्य ऐकत मी स्वतः वाढलो आहे. त्यातून हा पोरगा कामावर आल्या दिवसापासून कधीच माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. पैसे घेतानाही नाही. त्या दिवशी त्याच्यात काहीच बदललेलं नव्हतं, बदलला होता तो माझा संशय. मी त्याची माफी मागितली. तेव्हाही तो खालीच बघत होता.

२००६ साली चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला. साधनांशिवाय, नुसतं बघून-ऐकून खरंखोटं ओळखताना माणसं १०० पैकी सरासरी ५४ वेळा बरोबर ठरतात. नाणं उडवून ५० वेळा ठरली असती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका पाहणीत ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं, खोटं बोलणारा कसा ओळखाल? सगळ्यांत जास्त मिळालेलं उत्तर होतं, नजर चुकवतो. खोटं बोलण्याशी नजरेचा तसा भरवशाचा संबंध संशोधकांना सापडलेला नाही. जगभर एकमताने चुकण्याची इतकी चांगली संधी आपल्याला क्वचितच मिळते.

[दृश्य: कळंगुट किनारा. मे महिना, दुपार कलताना. जीवरक्षकाचा मनोरा.]

लाल-पिवळ्या बावट्यांमधल्या पट्ट्यात गर्दी आहे. आरडाओरडा, हात वर, पाणी उडवणं. मनोऱ्यावरचा जीवरक्षक त्यांच्याकडे बघतच नाही. त्याला म्हटलं, तुझं लक्ष कुठे आहे? म्हणाला, "ओरडणाऱ्याकडे सगळेच बघतात. गप्प झालेल्याकडे मी बघतो."

फ्रान्सेस्को पिया नावाच्या न्यूयॉर्कमधल्या जीवरक्षकाने १९७० च्या सुमारास किनाऱ्यावरून खऱ्याखुऱ्या बचावांचं चित्रण केलं आणि मग ते पुन्हा पुन्हा बघितलं. सिनेमात दिसतं तसं त्यात काहीच नव्हतं. मदतीसाठी हाका मारणारा, हात हलवणारा माणूसही संकटात असतो आणि त्याच्याकडेही जायला हवंच. पण प्रत्यक्ष बुडायला लागलेल्याला हाक मारता येत नाही. तोंड पाण्याखाली जातं, वर येतं, पुन्हा जातं. वर असतं तेवढ्या क्षणात श्वास सोडायचा की घ्यायचा, इथेच गाडी अडते. हाकेला हवा उरत नाही. हात हलवताही येत नाहीत, कारण ते आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत असतात. शरीर उभं, पायांचा उपयोग नाही, डोकं मागे कललेलं. काठावरून बघणाऱ्याला वाटतं, पाण्यात उभा राहून आभाळ बघतोय. पियाच्या नोंदीप्रमाणे हे २० ते ६० सेकंद चालतं. मग डोकं वर येत नाही.

[दृश्य: मनोऱ्याखाली लावलेला आमचा कॅमेरा. मुलीचा आणि वडिलांचा चेहरा दिसता कामा नये.]

हे आम्ही ठरवून टिपलेलं नाही. कॅमेरा मनोऱ्यावर रोखलेला होता. जीवरक्षक उठतो, शिट्टी न वाजवता उडी मारतो आणि बचावाचं लाल तरंगतं खांद्याला अडकवून पळत सुटतो. आम्ही कॅमेरा वळवेपर्यंत तो पाण्यात आहे. त्याच्या पुढे आठ-दहा वर्षांची मुलगी. तिचे वडील तिच्यापासून चार हातांवर, पाठमोरे, मोबाइलवर समुद्राचा फोटो घेत आहेत. मुलीचं तोंड किनाऱ्याकडे. ओले केस डोळ्यांवर आलेले आहेत, आणि ती ते बाजूला करत नाही.

वडील वळले तेव्हा ती जीवरक्षकाच्या हातात होती. "खेळत होती ना ती?" असं ते तीनदा म्हणाले.

वाळूवर आणल्यावर ती खोकली. पाणी आलं. पुन्हा खोकली. मग तिने जो भोकाड पसरला, तो पलीकडच्या शॅकपर्यंत ऐकू गेला. टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. जीवरक्षकाने तिचा दंड तेव्हा सोडला.