आंघोळ कमी, पुसणं जास्त

सहकारनगरातल्या मंडळींना वेगळं सांगायला नको, इथली निम्मी कुत्री तळजाई टेकडीवर फिरूनच मोठी होतात. पावसाळ्यात त्यांच्या मालकांचा एक प्रश्न ठरलेला: ‘डॉक्टर, दर रविवारी आंघोळ घालतो, तरी वास कसा येतो?’ अहो, घालता म्हणूनच येतो! लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर यांच्या अंगावर केसांचे दोन थर. वरचा हाताला कोरडा लागतो, खालची लव ओलीच राहते आणि पुण्याच्या जुलैत ती दिवसभर वाळत नाही. मग बुरशीचं फावतं. धडधाकट कुत्र्याला महिन्यातून एकदा आंघोळ पुरते, तीही त्याच्याच शाम्पूनं. रोज करायचं ते एवढंच, फिरून आल्यावर जुन्या पंच्यानं पोट, काखा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या.

पुसताना बोटं केसांत घाला. कानामागे, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी मसुराएवढं काही लागलं तर केस बाजूला करून बघा. गोचीड असेल तर रॉकेल नको, पेटती अगरबत्ती तर नकोच. बारीक टोकाचा चिमटा अगदी कातडीलगत धरायचा, न पिळता सरळ वर ओढायचं आणि गोचीड स्पिरिटमध्ये टाकायची. नखानं चिरडायची नाही.

आणि सगळं खापर टेकडीवर फोडू नका. आपल्याकडची तपकिरी गोचीड रक्त पिऊन टम्म झाली की खाली गळून पडते, भिंतीच्या फटीत शिरते आणि तिथे हजारोंनी अंडी घालते. जुना वाडा असो की नव्या फ्लॅटची बाल्कनी, तिला फट मिळाल्याशी कारण. कुत्र्याला महागडं औषध द्यायचं आणि त्याचं अंथरूण महिनोन्‌महिने तसंच, हे मी घरोघरी बघतो. अंथरूण गरम पाण्यात धुवा, फटी बुजवा. घरात मांजर असेल तर औषध घेतानाच सांगा, कारण कुत्र्याला चालणारं पर्मेथ्रिन हे गोचीडनाशक मांजराच्या जिवावर बेततं.

गोचीड चावून होणाऱ्या गोचीडतापात कुत्रं जेवण सोडतं, मरगळतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. रक्ततपासणी लगेच करा. आपली तापाची गोळी मात्र देऊ नका. नुसतं अंग गरम लागलं म्हणजे ताप नव्हे, कुत्र्याचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं.

कानाबद्दल थोडक्यात. त्याची नळी आधी खाली जाते, मग आत वळते. कापसाची काडी घातलीत की मळ त्या वळणावर जाऊन बसतो. दिसतं तेवढंच पुसा. कुत्रं मान एका बाजूला झुकवायला लागलं तर घरगुती तेल घालत बसू नका, दाखवायला आणा.

नखांचं मात्र करूनच दाखवतो. काळ्या नखात आतली शीर दिसत नाही, म्हणून टोकाच्या पातळ चकत्या काढत जायचं आणि मध्ये गडद ठिपका दिसला की थांबायचं. त्या मागच्या रांगेतल्या काळूला जरा पुढे आणता का? आणि काका, तुम्ही त्याचं डोकं धरा.