कोरलची खिडकी उघडली, पुढे काय?

(सोलापुरात डीटीपी ऑपरेटर आणि छपाई व्यावसायिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. बाहेरच्या फलकावर ‘वाइन’ वाचून कुणी आत आलं असेल तर त्यांची निराशा होणार आहे, दार उघडंच आहे. आपलं वाइन म्हणजे विंडोजचे प्रोग्राम विंडोजशिवाय चालवणारं सॉफ्टवेअर. बाकी तुम्ही सगळे पत्रिका, फ्लेक्स, लेबलं, चादरींचे बॉक्स करणारी माणसं, आणि तुमची अडचण मला ठाऊक आहे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, प्रोसेसरही ठरावीक पिढीपुढचा लागतो. दुकानातला संगणक त्यात बसत नाही. तो तर ठणठणीत चालतोय, ऑपरेटरचा हात त्यावर बसलाय. मग घरातला एखादा पुतण्या म्हणतो, ‘काका, लिनक्स टाका, फुकट आहे.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी प्रणाली, आणि पुतण्या खोटं बोलत नाही. फक्त त्याने कधी लग्नसराईत रात्री अकराला पत्रिका लावलेली नसते.

माझं म्हणणं आधीच सांगतो. ‘लिनक्सवर कोरल, म्हणजे आपलं डिझाइनचं कोरलड्रॉ, चालेल का?’ हा अर्धाच प्रश्न आहे. गिऱ्हाइकाने मजकूर दिल्यापासून मशीनवर फाइल जाईपर्यंत सगळं चालेल का, हे विचारायला हवं. कोरलची खिडकी उघडली म्हणजे काम निघालं असं नाही.

आता हे वाइन म्हणजे काय ते बघू. विंडोजचा प्रोग्राम आणि लिनक्सचा प्रोग्राम एकाच प्रोसेसरवर चालतो, बेरीज-वजाबाकी दोघांची सारखीच. फरक पडतो तो मागण्यांत. फाइल उघडून दे, खिडकी काढ, अक्षर रंगव, अशा मागण्या विंडोजचा प्रोग्राम विंडोजच्या पद्धतीने करतो. त्या मागण्या वाइन अडवतं आणि लिनक्सच्या पद्धतीने पुऱ्या करतं. आपल्या पूर्व भागात कारखान्यात मास्तर तेलुगूत बोलतो, गिऱ्हाईक मराठीत, आणि मधला माणूस दोघांना एकमेकांचं सांगतो, तसंच हे. म्हणून यात वेग फारसा मरत नाही. आभासी यंत्रात, म्हणजे संगणकाच्या आत चालणाऱ्या नकली संगणकात, आख्खं विंडोज पुन्हा चालवावं लागतं, मेमरी खातं, वर विंडोजचा परवानाही लागतो. वाइनला यातलं काही लागत नाही.

हे काम १९९३ साली सुरू झालं. १९९४ पासून अलेक्झांद्र ज्युलियार हा गृहस्थ ते सांभाळतोय. पहिली पक्की आवृत्ती, १.०, बाहेर पडली जून २००८ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. विंडोजचा आतला कोड न बघता, नुसतं बाहेरून वागणं पाहून सगळं लिहायचं, मग वेळ लागणारच. १.० जाहीर करण्याआधी कोणते प्रोग्राम चालायलाच हवेत याची त्यांनी छोटी यादी केली होती. तीत फोटोशॉप सीएस २ होतं, आणि ते चालावं म्हणून गूगलने पैसेही दिले होते.

कोरलची गोष्ट तर आणखी गमतीची आहे आणि ती आपल्या लाइनीतल्या फार लोकांना माहीत नाही. कोरल ही कॅनडातल्या ओटावाची कंपनी. १९९९ मध्ये तिने स्वतःचं लिनक्स काढलं, डेबियन या लिनक्सवर बेतलेलं. पुढच्या वर्षी कोरलड्रॉ ९ लिनक्ससाठी बाजारात आणलं, आणि ते चालत होतं वाइनच्याच आधारावर. म्हणजे आज आपण जो खटाटोप करतोय तो कंपनीने स्वतः, अधिकृतपणे केलेला आहे! ऑक्टोबर २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने कोरलमध्ये साडेतेरा कोटी डॉलर घातले, आणि २००१ मध्ये कोरलने लिनक्सचा धंदा सोडून दिला. या दोन गोष्टी जोडायच्या की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला विचाराल तर धंद्यात योगायोग फार थोडे असतात. पण कोरलच्या माणसांनी वाइनमध्ये घातलेली भर वाइनमध्येच राहिली.

आता आपल्या टेबलावर येऊ. वाइन पहिल्यांदा चालवलं की तुमच्या होम फोल्डरमध्ये एक लपलेला फोल्डर तयार होतो, ‘डॉट वाइन’. त्यात ‘ड्राइव्ह सी’ असतो, आणि त्यात विंडोज, प्रोग्राम फाइल्स, सगळा जुना संसार. कोरलला वाटतं आपण सी ड्राइव्हवरच बसलोय. माझा आग्रह असा की कोरलसाठी एक वेगळा फोल्डर, फोटोशॉपसाठी दुसरा. ‘बॉटल्स’ नावाचा प्रोग्राम हे काम माउसने करून देतो. एक बिघडलं तर दुसऱ्याला धक्का लागत नाही, आणि नीट बसलेला फोल्डर तसाच्या तसा कॉपी करून ठेवता येतो. विंडोजवर कोरल उडालं की अर्धा दिवस जातो, इथे कॉपी परत टाकली की झालं.

खरी परीक्षा फॉन्टची. आपल्याकडच्या जुन्या फाइली युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, नाहीत. कृतिदेव हा जुना फॉन्ट घ्या. त्यात पडद्यावर ‘सोलापूर’ दिसतं, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं असतात: एल, के, एस, वाय, के, आय, डब्ल्यू, जे. फॉन्ट फक्त त्या अक्षरांना मराठीचा मुखवटा चढवतो. त्यामुळे होतं काय, की जोडाक्षरं जुळवायची जबाबदारी वाइनवर येतच नाही. फॉन्टची फाइल वाइनच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये टाकली की जुनं कोरल जुनी पत्रिका उघडतं. फॉन्ट टाकला नसेल तर तीच पत्रिका इंग्रजी कचऱ्यासारखी दिसते आणि आपण म्हणतो, वाइनने फाइल फोडली. सोलापुरात यात आणखी भर अशी की एकाच पत्रिकेत मराठी, तेलुगू आणि कन्नड असतं, तिन्हींचे फॉन्ट वेगळे, तिन्हींची मांडणी वेगळी. एक फॉन्ट राहिला तरी वधूच्या मामांचं नाव गेलं! म्हणून जुन्या संगणकातला फॉन्टचा फोल्डर आख्खा उचलून ठेवा, निवडत बसू नका.

युनिकोडचं उलट आहे. तिथे अक्षरं जुळवणं हे सॉफ्टवेअरचं काम. विंडोजमध्ये ते काम करणारा भाग वाइनला नव्याने लिहावा लागला, आणि काही सॉफ्टवेअर तर विंडोजवरसुद्धा देवनागरी नीट जुळवत नाहीत. यासाठी माझी चाचणी सोपी आहे. नवीन काहीही बसवलं की पहिली ओळ टाइप करायची: ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’. ‘सि’ची वेलांटी ‘स’च्या आधी आली का बघा. ‘द’ आणि ‘ध’ एकमेकांत बसले का, की मध्ये पाय मोडलेला ‘द्’ उभा राहिला? ‘श्व’ सांधला का, ‘प्र’मधला ‘र’ खाली तिरका आला का? मग ती ओळ कर्व्ह करा, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून टाका, आणि पुन्हा बघा, कारण पडद्यावर बरोबर दिसलेली ओळ कर्व्ह केल्यावर तुटल्याची तक्रार नवी नाही. या एका ओळीत जे पास झालं त्यावर पत्रिकेचं काम घ्यायला हरकत नाही. नापास झालं तर ते इंग्रजी लोगोपुरतं ठेवा.

फाइलींच्या नावांचं थोडक्यात. विंडोजला इंग्रजीच्या मोठ्या आणि लहान लिपीतलं ‘लोगो’ एकच वाटतं, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. वाइन शोधून काढतं, पण पेनड्राइव्हवरून आलेल्या दोन्ही एकाच फोल्डरमध्ये पडल्या तर कोणती उघडली हे बघून घ्या.

आता जे चालत नाही ते. यूएसबीचं लॉक, ज्याला आपण डोंगल म्हणतो, ते बहुतेक वेळा वाइनमध्ये चालत नाही. त्याला विंडोजचा ड्रायव्हर थेट यंत्राशी बोलायला लागतो, आणि ती पायरी वाइनच्या हातातली नाही. काही मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअर, जॅकार्डच्या, म्हणजे विणकामातल्या नक्षीच्या, डिझाइनची काही सॉफ्टवेअर, फ्लेक्स मशीनचं रिप, म्हणजे फाइल मशीनला समजेल अशी करून देणारं सॉफ्टवेअर, ही सगळी याच जातीची. तिथे डोकं फोडून घेऊ नका. रिपचा संगणक विंडोजवरच राहू द्या, त्याचं इंटरनेट काढून टाका आणि त्याच्याकडे फाइल तेवढी जाऊ द्या. नव्या, दरमहा भाड्याच्या सॉफ्टवेअरचंही अवघड आहे. त्यांचं इन्स्टॉलर आणि लॉगिनच आधी अडतं. वाइनवर जुनी आवृत्ती नव्यापेक्षा बरी चालते, आणि आपल्याकडे जुन्या आवृत्तीवर काम करणाऱ्यांची कमतरता नाही.

इथे काही जण हसले, कारण त्यांना ‘क्रॅक’, म्हणजे परवाना चुकवून फोडलेलं सॉफ्टवेअर, आठवलं. दोन गोष्टी ऐकून ठेवा. वाइन फुकट आहे, कोरल नाही. परवाना लिनक्सवरही लागतोच. आणि लिनक्सवर व्हायरस येत नाही या भरवशावर पेनड्राइव्हमधलं काहीही वाइनमध्ये डबल क्लिक करू नका. वाइन म्हणजे पिंजरा नव्हे. त्यात ‘झेड’ नावाचा ड्राइव्ह असतो, आणि त्यातून तुमचा आख्खा होम फोल्डर दिसतो. क्रॅकसोबत आलेला प्रोग्राम तिथल्या सगळ्या पत्रिका कुलूपबंद करू शकतो.

छपाईला कोरलमधून थेट प्रिंट देऊ नका. पीडीएफ काढा, लिनक्सच्या वाचकात उघडा, शंभर टक्क्यांवर प्रिंट द्या, पट्टी लावून मापं बघा. चार रंगांच्या कामात काळा मजकूर फक्त काळ्या प्लेटवर गेलाय का हे स्क्रायबस या पानं लावायच्या प्रोग्राममध्ये तपासता येतं. मी तर म्हणेन, नवी पत्रिका स्क्रायबसमध्ये किंवा इंकस्केप या कोरलसारख्या प्रोग्राममध्येच लावायला शिका. दोन्ही लिनक्सची स्वतःची, देवनागरी जुळवणारी. कोरलची सीडीआर फाइल इंकस्केपमध्ये आणि लिब्रेऑफिसच्या ड्रॉमध्येही उघडते, पण ग्रेडियंट आणि मजकुराच्या जागा हलतात. जुन्या गिऱ्हाइकाचं ‘मागच्या वर्षीचंच द्या, फक्त तारीख बदला’ हे काम आलं की तिथे वाइनमधलं कोरल लागतं. मला वाइनची खरी जागा तीच वाटते.

मघाशी मागून कुणीतरी विचारलं, सुरुवात कधी करू. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नको, लग्नसराईत तर नाहीच. आषाढात, लग्नं थांबली की, दुकानातला सगळ्यात कमी कामाचा संगणक घ्या. जुन्या फाइलींतून पाच अशा निवडा ज्यांनी तुम्हाला आधीच छळलंय: एक तिन्ही भाषांची पत्रिका, एक मोठा फ्लेक्स, एक चार रंगांचं लेबल, एक बारीक अक्षरांचं हँडबिल, आणि एक ती, जी आता कुणालाच उघडत नाही. त्या उघडून, कर्व्ह करून, पीडीएफ काढून रिपपर्यंत पोचवा. जिथे अडेल तिथे नेमकं काय अडलं, फॉन्ट, लॉक की प्रिंट, ते कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन या, आपण बसून बघू.