पाटीवरचा एम

[पहाट. फोंडा तालुक्यातलं एक गाव. काळोखात सायकलच्या साखळीचा आवाज, मग भोंगा.]

पों पों.

हा आमचा पदेर. गोव्यात सकाळ होते ती कोंबड्यानं नव्हे, याच्या रबरी भोंग्यानं. सायकलच्या मागं टोपली, टोपलीवर निळं प्लास्टिक, आणि खाली ऊन ऊन पाव, उंडे, पोळ्या, बांगडीसारखी कांकणं. भोंगा परत ऐका. नुसता 'पो' नाही तो. आपण लिहितानाही 'पों' असंच लिहितो. त्या 'ओ'मधला थोडा वारा नाकाकडं वळलाय. आज आपण त्या वाऱ्याच्या मागं जाणार आहोत.

[रस्ता. गाडीच्या काचेतून दिसणारी गावांच्या नावांची पाटी.]

मोपाच्या विमानतळावरून बाहेर पडलात की पहिला तालुका लागतो पेडण्याचा. रोमन अक्षरांत त्याच्या शेवटी एम आहे. टॅक्सीतले पाहुणे मोठ्यानं वाचतात, 'पेरनेम'. पुढं दक्षिणेला गेलं की 'केपेम' आणि 'सांगेम'. ओठ मिटून, अगदी निगुतीनं म्हटलेला म. गोव्यात जन्मलेला माणूस हा म कधीच म्हणत नाही. कोकणीत ते पेडणें, केपें, सांगें. मराठीत पेडणे, केपे, सांगे.

मग हा एम आला कुठून?

पोर्तुगीजांकडून. त्यांच्या लिखाणात शब्दाच्या शेवटचा एम ओठ मिटण्यासाठी नसतोच. त्यांचा 'होय' लिहायचा एस, आय, एम आणि म्हणायचा 'सीं'. 'चांगला' हा शब्द 'बों', 'शेवट' हा 'फीं'. एम दिसला की आधीचा स्वर नाकातून काढायचा, एवढीच त्यातली सूचना. १५१० साली इथं आलेल्या या लोकांनी गावांची नावं कानांनी ऐकली. त्यांच्या कानांना असा स्वर घरचाच होता, म्हणून त्यांनी तो घरच्या पद्धतीनं लिहून टाकला. पेडणें ऐकलं, शेवटी एम लावला. 'ड' मात्र त्यांच्याकडं नव्हता, तिथं बिचाऱ्यांनी 'र'वर भागवलं. १९६१ मध्ये ते गेले, पाटीवरचा एम राहिला. आज तो अनुस्वारच आहे, फक्त वेगळ्या कपड्यांतला.

[तालमीची जागा. देवळाच्या मंडपात नाटकाची तालीम. एक मुलगा संवाद म्हणतोय.]

आमच्या घरी मराठी आणि कोकणी दोन्ही. दाराबाहेर कोकणी, पोथी आणि नाटक मराठी. गोव्यात ही घरं पुष्कळ. १९८७ च्या राजभाषा कायद्यातही देवनागरीतली कोकणी ही राजभाषा आणि मराठी सरकारी कामात चालेल, अशी दोघींना जागा आहे. जत्रेच्या नाटकासाठी बाहेरून एक दिग्दर्शक आले होते, तेव्हा मी चौदा वर्षांचा. राजाचा भालदार. वाक्य एकच, आणि त्या एका वाक्यावर त्यांनी मला चारदा थांबवलं. "अरे, नाकात बोलू नकोस!" मला कळेना, मी तर आजी बोलते तसंच बोलत होतो. चिडवायलाच 'नाकात बोलणं' हा शब्द वापरतात आपल्याकडं. चित्पावनी बोलणाऱ्या जुन्या मंडळींनी तो मुकाट्यानं ऐकून घेतलाय.

पाणिनीला मात्र त्यात चिडवण्यासारखं काही वाटलं नसावं. अष्टाध्यायीच्या अगदी सुरुवातीला, पहिल्या पादातल्या आठव्याच सूत्रात त्यानं व्याख्या करून ठेवली: मुखनासिकावचनोऽनुनासिकः. तोंड आणि नाक दोन्हींनी मिळून उच्चारला जातो तो अनुनासिक. दोन्हींनी. गंमत इथंच आहे. 'न' किंवा 'म' म्हणताना तोंडाची वाट बंद होते आणि सगळा वारा नाकातून जातो. 'आं' म्हणताना दोन्ही दारं उघडी.

[चेहऱ्याचं बाजूनं दिसणारं छेदचित्र. पडजीभ हलताना.]

हे दार म्हणजे टाळूचा मागचा मऊ भाग, ज्याला पडजीभ लोंबते तो. तो वर उचलला की नाकाची वाट बंद, 'आ'. खाली सैल सोडला की वाट उघडी, 'आं'. जीभ जागची हलत नाही. नाकपुड्या चिमटीत धरून दोन्ही म्हणून पाहा. 'आ'ला काही फरक पडणार नाही, 'आं'ला बोटांना झिणझिण लागेल.

घरी करता येईल असा आणखी एक प्रयोग आहे. पावडरच्या डबीतला छोटा आरसा घ्यायचा, थंडगार सोड्याच्या बाटलीला टेकवून गार करायचा आणि नाक आणि वरचा ओठ यांच्या मध्ये आडवा धरायचा, काच वर करून. आमच्या शेजारच्या मावशींना आम्ही दोन वाक्यं म्हणायला सांगितली.

[जवळून: आरसा.]

"तो वता." आरसा स्वच्छ. म्हणजे, 'तो जातो'.

"हांव वतां." आरशावर वाफेचे दोन ठिपके. म्हणजे, 'मी जातो', किंवा 'मी जाते'.

वता, वतां. क्रियापदात बाकी काही बदललेलं नाही. मराठीत 'जातो' आणि 'जाते' यांवरून बाई की बुवा ते कळतं. कोकणीत या जागी नाक सांगतं की जाणारा मीच आहे, दुसरा कुणी नाही. 'ते' म्हणजे ते पुरुष, 'तें' म्हणजे ते मूल किंवा ते केळं, आणि 'तीं' म्हणजे ती मुलं. अर्धं व्याकरण नाकावर तोललेलं.

[नकाशा. ठिपके उजळत जातात.]

जगात हे किती भाषा करतात? २४४ भाषांच्या एका मोठ्या तुलनेत ६४ भाषांत साधा स्वर आणि नाकातला स्वर यांत अर्थाचा भेद सापडला. चारातली एक, साधारण. ठिपके दाटतात ते पश्चिम आफ्रिकेत, आपल्याकडं आणि अमेरिका खंडांतल्या मूळ भाषांत. युरोपात फ्रेंच, पोर्तुगीज, पोलिश. पोलिश लोक अक्षराखाली एक बारीक शेपूट काढतात आणि त्या खुणेचं नावच 'छोटी शेपटी' आहे. नायजेरियातली योरुबा स्वरापुढं नुसता 'एन' लिहून मोकळी होते.

आपल्या शेजारणींकडं बघा. हिंदीत 'है' एकाला, 'हैं' अनेकांना किंवा आदरानं. बंगालीत 'तार' म्हणजे त्याचं आणि 'ताँर' म्हणजे त्यांचं, मोठ्या माणसाचं. नाकातून बोलणं हे तिथं अदबीचं. आमच्या दिग्दर्शकांना हे सांगायला हवं होतं. पण चौदाव्या वर्षी मला बंगाली कुठून येणार.

पॅराग्वेतल्या ग्वारानीनं तर कमालच केलीय. सहा साधे स्वर, त्या सहांची नाकातली सहा रूपं, आणि नाक शब्दातल्या एका जागी शिरलं की आजूबाजूची अक्षरंही रंगवत जातं. त्यांचा 'मध्ये' अर्थाचा प्रत्यय आहे 'पे'. नाकातल्या शब्दाला लागताना तोच 'मे' होतो. एका अक्षराला सर्दी झाली आणि सगळ्या घराला लागली.

असे स्वर येतात कुठून, त्याचं उत्तर बहुतेक ठिकाणी सारखंच आहे. स्वरामागं एक न् किंवा म् उभा असतो. बोलणारे आळशी असतात, टाळूचा पडदा जरा आधीच खाली सोडतात, म्हणून स्वर नाकातला होतो. मग न् ची गरजच उरत नाही, तो गळतो. दन्तचा दांत झाला तो असा. फ्रेंचमध्ये 'चांगला' हा 'बों' आणि 'चांगली' ही 'बॉन'. स्त्रीलिंगात न् च्या पुढं पूर्वी आणखी एक स्वर होता, त्याच्या आडोशानं न् वाचला. पुल्लिंगातला गेला, जाताना स्वरावर वास ठेवून गेला. पोर्तुगीजांनी त्या गेलेल्या न् ची खूण स्वराच्या डोक्यावर एका लाटेसारख्या रेघेनं ठेवली. ती मुळात लेखनिकांची काटकसर, न् लिहायचा त्याऐवजी वर एक फराटा. 'ला' म्हणजे तिथं, 'लां' म्हणजे लोकर. लॅटिनमध्ये ती लाना होती.

हा वास कायम टिकतो असं नाही. नाकाची पोकळी आपला घुमारा मिसळते आणि स्वराच्या कडा पुसट होतात. शेजारशेजारचे दोन स्वर मग एकमेकांत मिसळायला लागतात. म्हणून नाकातले स्वर साध्या स्वरांहून जास्त असलेली भाषा सापडत नाही. पॅरिसमध्ये 'तपकिरी' आणि 'काडी' यांचे फ्रेंच शब्द आता बहुतेकांच्या तोंडी एकच झालेत. आणि लॅटिनमधली लूना, म्हणजे चंद्र, पोर्तुगीजात आधी 'लूंआ' झाली आणि शेवटी 'लूआ'. न् गेला, मग नाकही गेलं.

[पदेराची टोपली पुन्हा. हातात एक पाव.]

टोपलीतला हा पाव घ्या. पीठ पायानं मळतात म्हणून पाव, ही शाळेत ऐकलेली थाप विसरा. लॅटिनमधला पानिस, त्याचा पोर्तुगीज 'पांव', आणि मराठीत आला तो नाक सोडून, पाव. तोच शब्द पोर्तुगीज जहाजांतून जपानला उतरला. तिथल्यांनी नाक तर ठेवलंच, वर त्याला पुन्हा न् जोडून दिला. जपानीत ब्रेडला आजही 'पान' म्हणतात. म्हणजे टोकियोत न् परत आला आणि मुंबईत, वडापाववाल्याच्या गाडीवर, त्याचा मागमूस नाही.

मराठीचं हे पावाबाबतच झालं असं नाही.

[जुनी पोथी. पिवळी पानं, ठळक टाइप. बोट ओळीवरून सरकतं.]

ही आजीची पोथी. ऐसें, तैसें, बोलिलें, केलें. ओळभर टिंबं, मोहरी सांडल्यासारखी. एकेकाळी ती बोलली जात होती. कोकणीतलं 'केळें' आणि जुन्या मराठीतलं 'केळें' एकाच घरचं. संस्कृतातल्या नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटचा म् गळाला आणि आपला वास ठेवून गेला, तोच हा. घाटावरच्या मराठीनं नाक हळूहळू सोडलं, छापखान्यांनी टिंब सोडलं नाही. नांव, कांहीं, पांच. म्हणायचं नाही पण लिहायचं, आणि चुकलं तर मास्तरांच्या छड्या खायच्या. १९६२ मध्ये, गोवा मुक्त झाल्याच्या पुढच्याच वर्षी, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम सरकारमान्य झाले आणि न बोलली जाणारी टिंबं रद्द झाली. बोलीप्रमाणं लिहिणं, हिशेब चोख होता. माझी तक्रार एवढीच की 'आपली' बोली मोजताना आजीला कुणी विचारलं नव्हतं. ती 'नांव' म्हणायची. आणि नदीतली ती 'नाव'. तिच्या तोंडी हे दोन शब्द होते, माझ्या मुलीच्या वहीत एकच आहे.

आता एक चोरी पकडून देतो. मी मघापासून म्हणतोय, 'केलं', 'गेलं', 'घरं', 'टिंबं'. या संहितेच्या कागदावर त्या प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर अनुस्वार आहे. त्यातला एकही नाकात नाही. नीट ऐका: केलं. शेवटचा 'अ' फक्त लांबलाय. नाक गेलं, त्याची रिकामी खुर्ची पडून होती, तिच्यावर आपण लांब 'अ'ला बसवलं. उलट 'सिंह' आणि 'संसार' यांत आपण जे 'सिंव्ह', 'सौंसार' असं काहीतरी करतो, तिथं नाक खरंच चालू असतं. पण तिकडं कुणाचं लक्ष नसतं. 'त्याला' आणि 'त्यांना' यांत तर नाकावर विश्वास न ठेवता आपण अख्खा न उभा केलाय.

[मावशींचा सोपा. आरसा पुन्हा बाटलीला टेकवलेला. ध्वनिमुद्रक हेडफोन काढून पुढं येतो.]

आमचा ध्वनिमुद्रक पुण्याचा. चार दिवस सगळ्यांची नाकं टिपत होता, शेवटी त्यालाही आरसा धरायचा मोह झाला. मावशींनी आरसा त्याच्या ओठांवर धरला. "म्हण, हांव वतां."

"हाव वता."

आरसा कोरडा.

"परत म्हण पुता, नाकांतल्यान."

"हाव… वता."

कोरडाच. मराठीत हाव म्हणजे लोभ, हे मी मध्येच बोलून गेलो, त्याचा काही उपयोग झाला नाही. मावशी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"हांव म्हणटा आनी तिसऱ्याकच धाडटा!"

त्याला एक अक्षर कळलं नाही. आरसा तसाच ओठांवर. त्यानं माझ्याकडं बघून विचारलं,

"आं?"

[जवळून: आरसा. वाफेचे दोन ठिपके.]