विचार आल्यावर तुम्ही काय करता?

नमस्कार, श्रोतेहो.

माझी मुलगी दीड महिन्याची होती तेव्हाची गोष्ट. दुपारची वेळ. ती माझ्या डाव्या खांद्यावर झोपलेली आणि मी उजव्या हाताने ओट्यावरची सुरी उचलून बाजूला ठेवत होते. तेवढ्यात डोक्यात आलं, ही सुरी हिच्या अंगावर चालवली तर? बस, एवढंच. आवाज ऐकू आला नव्हता, रागही आला नव्हता. ध्यानीमनी नसताना एक वाक्य आलं आणि माझ्या हातापायांतलं बळच गेलं. सुरी सिंकमध्ये टाकली, बाळाला आधी घट्ट धरलं, मग धरायचीही भीती वाटली म्हणून पाळण्यात ठेवलं आणि खोलीबाहेर जाऊन भिंतीला टेकून उभी राहिले. स्वतःच्या लेकरापासून लांब.

आज हे मी माइकसमोर बसून सांगते आहे. तेव्हा हे दुसऱ्या माणसाला धडपणे सांगायला मला सात महिने लागले. तुमच्यापैकी कुणी तरी आत्ता त्या सात महिन्यांत असेल, म्हणून आज बोलायला आले.

तुमचा विचार माझ्यापेक्षा वेगळा असेल. फलाटावर उभं असताना पुढच्या माणसाला ढकललं तर? भर सभेत काही तरी अभद्र ओरडलो तर? गाडी चालवताना मघाशी खड्ड्यातून गेलो तो खड्डाच होता ना, की कुणी माणूस चाकाखाली आला? ज्यांच्याबद्दल असा विचार करणंही पाप वाटतं, त्यांच्याबद्दलचं एखादं घाणेरडं चित्र. देवाविषयी शिवी. गॅस बंद केला होता ना? नक्की?

१९७८ साली स्टॅन्ली रॅकमन आणि पद्मल डी सिल्वा या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधी गोष्ट केली. कुठलाही मानसिक आजार नसलेल्या माणसांना त्यांनी विचारलं, तुम्हाला नको असलेले, धक्का देणारे विचार येतात का? दहातल्या साधारण आठ जणांनी ‘हो’ म्हटलं. या लोकांचे विचार आणि आजारी लोकांचे विचार शेजारी ठेवले, तर त्यांत मजकुराचा फरक फारसा नव्हता. तीच हिंसा, तीच घाण, तीच शंका. पुढे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३ देशांतल्या ७७७ विद्यार्थ्यांना हेच विचारलं, तर जवळपास ९४ टक्क्यांना मागच्या तीन महिन्यांत असा निदान एक विचार येऊन गेलेला होता. आणि ज्या आकड्यासाठी मी त्या काळात काहीही दिलं असतं तो असा : कॅनडातल्या नव्या आयांना विचारलं, तेव्हा आपणच मुद्दाम बाळाला इजा करू असा विचार जवळपास निम्म्या जणींना येऊन गेला होता. निम्म्या! आणि मी समजत होते की अख्ख्या जगात मी एकटी.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ हे तर आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणणाऱ्यांना हे सगळं ठाऊक असणार.

मग प्रश्न असा, की विचार इतक्यांना येतो, बाकीच्यांचा येऊन जातो, तर माझाच का मुक्कामाला राहिला?

मी त्याला घालवायला निघाले होते, हे एक कारण. डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९८७ सालचा एक प्रयोग आहे. माणसांना त्याने सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही, आणि आलाच तर समोरची घंटा वाजवा. घंटा वाजत राहिल्या. पुढची पाच मिनिटं ‘आता खुशाल करा विचार’ म्हटल्यावर तर, ज्यांना सुरुवातीपासून मोकळीक होती त्यांच्याहून या लोकांच्या डोक्यात अस्वल जास्त वेळा आलं. याचं कारण कळलं की पटतं. ‘तो विचार येऊ द्यायचा नाही’ असं ठरवलं की मनाला त्यासाठी पहारा बसवावा लागतो, आणि पहारेकऱ्याने कुणाला अडवायचं हे त्याला कळावं म्हणून त्याच्या हातात सतत त्याच विचाराचं चित्र द्यावं लागतं. मी दिवसभर सुरीचंच चित्र हातात धरून बसले होते.

दुसरं कारण खोल आहे, आणि माझ्या मते तेच मुख्य. मी त्या वाक्याचा अर्थ लावला. ‘ज्या आईच्या मनात असं येतं ती कसली आई?’ मनात आलं म्हणजे अर्धं केल्यासारखंच, असं मी धरून चालले. खरं तर असे विचार नेमके माणसाच्या जिव्हाळ्याच्या जागी डसतात. श्रद्धाळू माणसाला देवाविषयी अभद्र सुचतं, जपून गाडी चालवणाऱ्याला अपघाताची शंका छळते. मला बाळाची काही पडलेली नसती, तर ते वाक्य माझ्या लक्षातही राहिलं नसतं.

आता मी काय काय केलं ते सांगते. घरातल्या दोन्ही सुऱ्या वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर, ट्रंकेच्या मागे सारल्या. मग कात्री. मग बाळाला एकटीने अंघोळ घालणं सोडलं. आणि रोज संध्याकाळी नवरा घरी आला की पहिला प्रश्न, “मी हिला काही करणार नाही ना रे?” तो म्हणायचा, “छे गं, तू कशाला काही करशील?” जिवाला केवढं बरं वाटायचं! दहा मिनिटं. मग परत शंकेची पाल चुकचुकायची. त्याने मला नीट ऐकलं का? मी किती गंभीरपणे विचारतेय हे त्याला कळलं का? परत विचारायचं. एका संध्याकाळी त्याने, मला न सांगता, मोजलं. तेवीस वेळा.

हा जो धीर मिळतो ना, तो उसनवारीचा असतो. सुरी माळ्यावर आहे आणि बाळ सुखरूप आहे, तर मेंदू त्यातून एवढंच शिकतो की सुरी माळ्यावर आहे *म्हणून* बाळ सुखरूप आहे. उद्या सुरी दिसली की भीती आणखी मोठी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, तो असा आपण स्वतःच पोसतो.

सात महिन्यांनी एका मानसोपचार तज्ज्ञ बाईंकडे गेले. बोलता येईना, म्हणून चिठ्ठी लिहून नेली होती. त्यांनी ती वाचली, दचकल्या नाहीत, माझ्या मांडीवरच्या बाळाकडे घाईने पाहिलंही नाही. चिठ्ठी खाली ठेवून त्यांनी विचारलं, “बरं. आणि हा विचार आल्यावर तुम्ही काय करता?”

मला उत्तरच सुचेना. सात महिने मी त्या विचाराचा कीस काढत होते, तो आल्यावर मी काय करते हे एकदाही पाहिलं नव्हतं. त्यांनी आठवडाभर नोंद ठेवायला सांगितली. विचारणं, तपासणं, टाळणं, मनातल्या मनात ‘मी चांगली आई आहे’ असं घोकून वाईट वाक्य पुसणं, हे सगळं धरून दिवसाचे तीन तास भरले. असे विचार आणि त्यांच्यापायी केलेल्या या कृती दिवसाचा तासभर किंवा त्याहून जास्त खाऊ लागल्या, किंवा रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागल्या, तर डॉक्टर ओसीडीचा, म्हणजे ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर या आजाराचा, विचार करतात. मराठीत याला मंत्रचळ असा जुना शब्द आहे. लोक तो हसत हसत, टोमणा म्हणून वापरतात, ते मला लागतं. शंभरातल्या साधारण दोघांना आयुष्यात कधी तरी हा आजार होतो, आणि त्यावर उपचार आहेत.

त्या उपचाराची सुरुवात १९६६ साली लंडनमधल्या व्हिक्टर मेयर या मानसशास्त्रज्ञाने प्रसिद्ध केलेल्या कामापासून धरतात. भीतीच्या गोष्टीला पायरीपायरीने सामोरं जायचं आणि नेहमीचं ‘उत्तर’ द्यायचं नाही, असं त्याचं सूत्र. ऐकायला सोपं आहे. माझी पहिली पायरी होती कागदावर ‘सुरी’ हा शब्द लिहून तो पाहत बसणं. नंतर टेबलावर सुरी आणि बाळ पलीकडच्या खोलीत. सहाव्या आठवड्यात बाळ माझ्या मांडीवर आणि सुरी हाताच्या अंतरावर. भीतीला शंभरपैकी आकडा द्यायचा होता, मी नव्वद लिहिला. तळव्यांना इतका घाम, की पेन सटकत होतं. बाळ मात्र माझ्या ओढणीचं टोक तोंडात घालून ते चोखण्यात गुंग. वीस मिनिटांनी सत्तर. पाऊण तासाने चाळीस. त्या पाऊण तासात ‘मी असं करणार नाही’ हे वाक्य मनातसुद्धा म्हणायचं नव्हतं, आणि सगळ्यात अवघड तेच होतं. प्रश्न उठला की म्हणायचं, “असेल. नसेल.” आणि तो तसाच उघडा सोडून द्यायचा. काही दिवशी आकडा खाली आलाच नाही. बाई म्हणायच्या, तोही सरावच, भीती असताना बसता येतं हे कळलं ना?

हे तुम्ही उद्या उठून एकट्याने सर्वांत मोठ्या भीतीपासून सुरू करू नका. जाणकार माणूस सोबत घ्या, पायऱ्या त्याच्याबरोबर ठरवा.

काहींना औषधही लागतं, मला लागलं. नैराश्यावर देतात त्याच गटातली औषधं यावर चालतात, पण इथे गुण यायला वेळ लागतो. कधी कधी आठ ते बारा आठवडे. तिसऱ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून मनानेच बंद करू नका. बाळाला अंगावर पाजत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

‘चांगले विचार कर म्हणजे वाईट येणार नाहीत’ हा सल्ला मला पुष्कळांनी दिला, मायेने दिला. त्याने माझं नुकसान झालं. चांगल्या वाक्याने वाईट वाक्य पुसायला गेलं की तेही घोकणंच होऊन बसतं. दीर्घ श्वासाचंही तेच. जीव शांत व्हावा म्हणून जरूर घ्या, पण विचाराला हाकलण्याची काठी म्हणून घेतलात तर तो श्वाससुद्धा त्या आजाराच्या बाजूला जाऊन बसतो.

रोजच्या काळजीचं थोडं वेगळं असतं. पैसा, परीक्षा, आईवडिलांचं दुखणं, यांचं चऱ्हाट रात्रंदिवस चालू असेल तर टॉमस बोर्कोव्हेक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली सुचवलेला उपाय करून पाहा. दिवसातला अर्धा तास काळजी करण्यासाठीच ठेवायचा, रोज तीच वेळ, समजा संध्याकाळी सहा, आणि तीच जागा. काळजी दुसऱ्या वेळी आली की तिला सांगायचं, सहाला भेटू. आणि सहाला खरंच बसायचं, हयगय करायची नाही.

घरच्यांनो, आता तुमच्याशी. माझ्या नवऱ्याला बाईंनी शिकवलेलं वाक्य असं होतं, “हा प्रश्न तुझा नाही, आजाराचा आहे. मी उत्तर देणार नाही, पण इथेच बसतो.” पहिल्या संध्याकाळी मला त्याचा इतका संताप आला, की मी दार आपटून आत गेले. तो दाराबाहेर जमिनीवर बसून राहिला. उत्तर दिलं नाही आणि उठलाही नाही. तेवीसचे बावीस झाले, मग पंधरा, आणि एका संध्याकाळी मी विचारलंच नाही हे आम्हाला दोघांनाही दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. उत्तर बंद करणं म्हणजे माणसाला तोडणं नव्हे, हे त्याला नेमकं जमलं होतं. पण हे आधी दोघांनी मिळून ठरवलेलं असावं. एका रात्रीत अचानक तोंड मिटू नका.

एक फरक नीट ऐका. मी त्या विचाराला घाबरत होते, तो मला नको होता. पण बाळंतपणानंतर एखादी बाई दिवसेंदिवस झोपत नसेल, तिला आवाज ऐकू येत असतील, बाळाविषयी भलतीच खात्री झाली असेल, तर ती गोष्ट वेगळी आहे. त्याच दिवशी रुग्णालयात न्या, तिला आणि बाळाला एकटं सोडू नका. आणि स्वतःला संपवावं असं ज्याला मनापासून वाटू लागलं आहे, त्याने या भाषणाच्या शेवटासाठीही थांबू नये. शेजारच्या खोलीत जो असेल त्याला आत्ता हाक मारा.

माझी मुलगी आता मोठी झाली आहे. सुऱ्या ओट्यावर असतात. तो विचार अजूनही येतो. मागच्याच आठवड्यात आला, मी भाजी चिरत होते आणि ती शेजारी उभी राहून बोलत होती. आला, थोडा वेळ होता, मी चिरत राहिले. तिचं काय चाललं होतं ते मी सगळं ऐकलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. पूर्वी ऐकू यायचं नाही.

ज्यांना हे तोंडाने सांगता येत नाही त्यांच्यासाठी, मी नेली होती ती चिठ्ठी देते. कागद-पेन घ्या, मी सावकाश सांगते.

“मला नको असलेले विचार पुन्हा पुन्हा येतात.”

“ते खरे व्हावेत अशी माझी इच्छा नाही. मला त्यांची भीती वाटते.”

“ते आले की मी...” इथे जागा सोडा, तुम्ही जे करता ते लिहा. तपासता, विचारता, टाळता, धुता, घोकता.

“यात माझे दिवसाचे इतके तास जातात.” तास लिहा. अंदाजे चालतील.

“मला हे बोलून सांगता येत नाही, म्हणून लिहून आणलं आहे.”

खाली नाव घाला. घडी घालून खिशात ठेवा.

नमस्कार.