धरणाच्या बर्फावर मुलांना नेताना

(ठाण्यात शिबिरं आणि पदभ्रमण घेणाऱ्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मी चेंदणी कोळीवाड्यात वाढले. पाण्याबद्दलचा पहिला धडा बाबांनी दिला तो खाडीचा. पाणी चढतंय की उतरतंय हे पाहिल्याशिवाय होडीत पाय टाकायचा नाही. पुढे मी ११ वर्षं अमेरिकेत डेन्व्हरला राहिले. तिथल्या मराठी मुलांचा एक गट दर हिवाळ्यात गोठलेल्या धरणावर मासे धरायला न्यायचे, आणि तिथेही बाबांचाच धडा कामाला आला. तुमच्यातले कितीतरी जण जानेवारी-फेब्रुवारीत तरुण मुलामुलींना घेऊन लडाखमधल्या चादरीवर, म्हणजे गोठलेल्या झंस्कार नदीवर, जातात. म्हणजे बर्फावर तुम्ही उभे राहणारच आहात, मासे धरा किंवा नका धरू. म्हणून आज हा विषय घेतला.

आम्ही जायचो ते इलेव्हन माइल नावाचं धरण. उंची साधारण ८,६०० फूट. आपल्या मोरबे धरणाचं पाणी जसं नवी मुंबईला येतं, तसं ते डेन्व्हरच्या नळांना जातं. इथेच खरी मेख आहे. नैसर्गिक तळं एकदा गोठलं की बहुतेक तसंच राहतं. धरणातून मात्र हिवाळ्यातही पाणी सोडलं जातं, वरून येतही असतं. पातळी खाली गेली की बर्फाची लादी मधोमध पाण्याबरोबर खाली बसते. काठाजवळ ती जमिनीला चिकटलेली असते, तिथे तडा जातो, आणि कधी तिच्याखाली नुसती पोकळी उरते. पातळी वाढली तर काठाच्या फटींतून पाणी वर येतं. खाडीच्या भरती-ओहोटीसारखंच हे, फक्त डोळ्यांना दिसत नाही. म्हणून धरणावर सगळ्यात जास्त भीती पहिल्या १०-१५ पावलांची. मुलं गाडीतून उतरली की नेमकी तिथेच धावत सुटतात!

आमचा नियम असा होता की एक मोठा माणूस हातात पहार घेऊन आधी एकटाच जाणार. दर दोन-तीन पावलांवर पुढचा बर्फ जोरात ठोकायचा. पहार एका ठोक्यात आरपार गेली, तर आलेल्या पावलांवरून मागे फिरायचं. चादरीवरचे लडाखी वाटाडे काठीने ठोकून आवाज ऐकतात, तेच हे. मग गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजायची, आणि एकदाच नाही, थोड्या थोड्या अंतरावर पुन्हा पुन्हा. स्वच्छ, काचेसारखा, नवा बर्फ किमान ४ इंच असेल तर पायी चालणाऱ्याला चालतो असं तिथलं सर्वमान्य माप आहे. पांढरा, दुधट बर्फ म्हणजे वरून पडलेला भुसभुशीत बर्फ भिजून गोठलेला असतो आणि त्याची ताकद निम्मीच धरायची, म्हणजे जाडी दुप्पट हवी. मुलांच्या गटासाठी मी स्वच्छ बर्फ ६ इंच असल्याशिवाय पाऊल टाकू दिलं नाही. यावरून पालकांशी वादही झाले. एका वर्षी दोन तासांहून जास्त गाडी चालवून पोचलो, आणि काठाला समांतर तडा, त्यात पाणी. मागे फिरलो. मुलं रडली, एक वडील दिवसभर बोलले नाहीत. आजही मी तेच करेन.

नदी धरणाला जिथे मिळते ती जागा, भिंतीजवळचा भाग आणि अरुंद चिंचोळे पट्टे, इथे जाडी चांगली निघाली तरी जायचं नाही. खालून प्रवाह बर्फ झिजवत असतो. बर्फातून तोफेसारखे आवाज येतात, त्याने मात्र घाबरू नका. तापमान बदललं की लादी आकुंचन-प्रसरण पावते, त्याचा तो आवाज.

गट म्हटला की आणखी एक गोष्ट येते, जी एकट्यादुकट्या मासेमाराला कधी सुचत नाही. एकाच्या गळाला मासा लागला की बाराच्या बारा मुलं त्या भोकाभोवती गोळा होतात. सगळं वजन एका जागी! त्यामुळे मासा लागला की तो धरणाऱ्यानेच उचलून सगळ्यांना दाखवत फिरायचं, असं आम्ही ठरवलं होतं. मुलांना ते फारच आवडलं, मिरवणूकच निघायची. भोकं ८ इंचांची असत. त्यातून मूल आत जात नाही, पण पाय अडकून मोडू शकतो, म्हणून प्रत्येक भोकाजवळ रंगीत काठी रोवायची.

कुणी आत पडलंच तर काय, याचा सराव कोरड्या जमिनीवर आधी करून घ्यायचा. १-१०-१ हे आकडे लक्षात ठेवा. गार पाण्यात पडल्यावर श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय कामाचे राहतात ती १० मिनिटं, आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण १ तास. म्हणजे पहिल्या मिनिटात धडपड करायची नाही, तोंड पाण्यावर ठेवून श्वास सावरायचा. मग जिकडून आलो तिकडे तोंड करायचं, कारण त्या बर्फाने आपलं वजन पेललं होतं. पाय मारत आडवं व्हायचं, सरपटत वर यायचं, आणि उभं न राहता लोळत लांब जायचं. बाकीच्यांनी धावत जायचं नाही. पालथं झोपून दोर फेकायचा.

कपड्यांत जीन्स आणि सुती मोजे घरीच ठेवा. सूत भिजलं की अंगाची ऊब जाते. लोकर ओली झाली तरी थोडी ऊब धरते. दोन मोजे कोंबून घट्ट केलेला बूट पाय जास्त गार करतो. आणि मुलांना पाणी प्यायला लावा. लघवीला जावं लागेल म्हणून ती पीतच नाहीत.

आता मासे. मुलं हमखास विचारतात, वर एवढा बर्फ, तर खाली मासे जगतात कसे? पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, म्हणून ते तळाशी बसतं. त्याहून गार पाणी हलकं होऊन वर येतं आणि वरूनच गोठतं. बर्फाची लादी खालच्या पाण्याला गोधडीसारखी पांघरली जाते. हे भोकातून थर्मामीटर सोडून दाखवा, शाळेत कितीही शिकवलं तरी इतकं पक्कं बसत नाही. ट्राउट मासा सकाळी काठाजवळच्या उथळ पाण्यातही फिरतो, म्हणून खोल पाण्याच्या मागे लागू नका. दोन-अडीच फुटांची छोटी काठी, बारीक गळ, त्याला अळी. गळ हलकेच वर उचलायचा, थांबायचं. अर्ध्या तासात काही लागलं नाही तर दुसरं भोक. गिरमिट मुलांनाच फिरवू द्या, अंगही तापतं. भोकातला चुरा काढायला मी घरचा भज्यांचा झारा नेत असे. मासा सोडून द्यायचा असेल तर बर्फावर ठेवू नका, त्याचे डोळे आणि कल्ले गोठतात. ओल्या हाताने धरून लगेच पाण्यात.

शेवटी हे टोचे पुढे पाठवते, हातात धरून पाहा. दोन लाकडी मुठी, प्रत्येकीत एक टोकदार खिळा, मध्ये दोरी. दोरी गळ्यात घालायची, मुठी छातीवर. आत पडलात तर निसरड्या बर्फात हे रोवूनच अंग वर ओढता येतं. असे टोचे सुतार अर्ध्या तासात करून देईल. चादरीला निघण्याआधी प्रत्येकाच्या गळ्यात हवेत, म्होरक्याच्या आधी मुलांच्या.