शिवी दिली म्हणून पोलिसाला हात उचलता येतो का?

पोलिसाने कुणाला थोबाडीत मारल्याचा व्हिडिओ आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'पण तोही उद्धट बोलला ना!' आज या 'पण तोही'बद्दल बोलू.

उत्तर आधीच सांगते. उद्धटपणामुळे मारहाण माफ होत नाही. कधीच नाही. नेमका हाच मुद्दा युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे आला होता. ब्रसेल्समधले दोन भाऊ, एक तर जेमतेम 17 वर्षांचा. 2003 च्या डिसेंबरात एकाला आणि 2004 च्या फेब्रुवारीत दुसऱ्याला पोलीस ठाण्यात एकेक थप्पड मारल्याची तक्रार होती. पोलिसांनी साफ नकार दिला. 2013 मध्ये न्यायालयाच्या छोट्या पीठाने म्हटलं, उद्धट वागण्याने वैतागून एकच थप्पड मारली असली, तरी मानवाधिकारांचा भंग ठरावा एवढी ती गंभीर नाही. 2015 मध्ये मोठ्या पीठाने 14 विरुद्ध 3 मतांनी हे फिरवलं. ठाण्यातला माणूस पूर्णपणे पोलिसांच्या हातात असतो. त्याच्या वागण्यामुळे बळाची गरजच पडली नसेल, तर एक थप्पडही त्याच्या माणूसपणाचा अपमान आहे. तो उद्धट होता की नव्हता, याने काही फरक पडत नाही.

मग पोलिसांनी बळ वापरायचंच नाही का? वापरायचं, पण कामाला लागेल तेवढंच. संयुक्त राष्ट्रांच्या 1979 च्या आचारसंहितेत हेच आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये त्यासाठी तीन गोष्टी बघायला सांगितल्या: गुन्हा किती गंभीर, तत्काळ धोका आहे का, आणि माणूस अटकेला प्रत्यक्ष विरोध करतोय किंवा पळतोय का. अपमान या यादीत नाही.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. शिवी देणं वेगळं, हात झटकून पळणं वेगळं, मूठ उगारून अंगावर जाणं आणखी वेगळं. शेवटच्या दोन्हींत बळ वापरावं लागू शकतं, आणि तेही विरोध संपेपर्यंतच. बेड्या पडल्या, माणूस जमिनीवर शांत पडला, की आधीचा हिशोब बंद. त्यानंतरची लाथ ही शिक्षा असते, आणि शिक्षा देणं हे पोलिसांचं काम नाही. काही देशांत पोलिसाचा अपमान करणं गुन्हा आहे. असेल, तर गुन्हा नोंदवावा आणि न्यायालयात जावं.

व्हिडिओ तपासायची एक पद्धत सांगते. मारहाणीच्या आधीपासूनचा भाग घ्या आणि आवाज बंद करून बघा. हात कुठे आहेत? दोघांत अंतर किती? कोण कुणाकडे सरकतंय? आवाज बंद केल्यावर मारण्याचं कारणच दिसेनासं झालं, तर ते बहुधा शब्दांमुळे मारलं होतं. मग आवाज चालू करून पुन्हा बघा, कारण 'माझ्याकडे चाकू आहे' ही धमकी डोळ्यांना दिसत नाही आणि ती खरोखर महत्त्वाची असते. अर्धवट कापलेल्या क्लिपवरून मात्र कुणाच्याच बाजूने निकाल देऊ नका.

पोलिसांचा अहवाल वाचताना क्रियापदं बघा. 'आक्रमक झाला', 'असहकार केला' यातून काहीच कळत नाही. ढकललं का? कुठल्या हाताने? आणि अटकेचं मूळ कारण काय लिहिलंय? नुसता 'अटकेला विरोध' एवढंच असेल, तर मुळात अटक कशासाठी होत होती, हे विचाराच.

तक्रार करणाऱ्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं: त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. त्या दोन भावांकडे त्याच दिवसाची वैद्यकीय प्रमाणपत्रं होती, म्हणून जखमांचा खुलासा करण्याची जबाबदारी सरकारवर आली. गालावरची लाली अनेकदा दुसऱ्या दिवसापर्यंत टिकत नाही. फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, जे घडलं ते क्रमाने लिहा. तुम्ही शिवी दिली असेल, तर तीही लिहा, जशीच्या तशी. ती लपवली आणि नंतर व्हिडिओत निघाली, तर थपडेबद्दलच्या तुमच्या खऱ्या शब्दांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही.